मैदानावरून उतरल्यावर

गेल्या पावसाळ्यात वारासिवनीहून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. पत्र लहानसेच होते. "सप्रेम नमस्कार. आमचा धाकटा मुलगा दहावीत आहे. अभ्यासात बेताचा, पण फुटबॉलमध्ये त्याचा पाय चांगला चालतो, असे शाळेतले सर म्हणतात. नागपूरला राहून खेळ शिकावा, असा त्याचा हट्ट आहे. आमच्या ह्यांची नोकरी खाणीच्या कचेरीतली. ते रागावत नाहीत, पण एकच विचारतात : 'पस्तिशी उलटल्यावर हा काय करील?' मला उत्तर सुचत नाही. आपणांस सुचल्यास कळवावे."

ह्या पत्राला दोन तऱ्हांनी उत्तर देता आले असते. खेळाने शरीर कमावते, मन खिलाडू होते, वगैरे चार सुभाषिते लिहून मोकळे होणे, ही एक तऱ्हा. आधी शिक्षण, मग खेळ, असा वडीलकीचा उपदेश करणे, ही दुसरी. दोन्ही उत्तरे सोपी आणि दोन्ही निरुपयोगी. त्या गृहस्थांनी खेळाच्या थोरवीविषयी शंका घेतलेलीच नव्हती. त्यांचा प्रश्न मैदानावरून उतरल्यानंतरच्या तीस वर्षांचा होता.

आम्हा बालाघाटकरांना फुटबॉल काही परका नाही. मुलना स्टेडियमवर सामना असला, म्हणजे कुंपणाला सायकल टेकवून उभ्या उभ्या सामना पाहणारे प्रेक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांत आम्हीही उभे राहिलो आहोत. गोल झाला की आपण टाळ्या वाजवितो, अंधार पडला की घरी परततो. ज्याच्यासाठी टाळ्या वाजविल्या, त्याचे दहा वर्षांनी काय झाले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. वारासिवनीच्या पत्राने आम्हांला ती चौकशी करावयास लावले. एक नामांकित क्लब घ्यावा आणि त्याच्या जुन्या खेळाडूंची पावले कोठकोठे गेली ते पाहावे, असे आम्ही ठरविले. निवडला तो मुंबईचा महिंद्र युनायटेड. कारण असे की, हा क्लब विजेता असतानाच्या काळातले त्याचे खेळाडू सर्वांना ठाऊक आहेत, आणि तो क्लब आज अस्तित्वात नाही. खेळाडूच्या पुढच्या आयुष्याची कसोटी पाहावयाची, तर ती अशाच ठिकाणी लागते.

हजेरीपटावरचे खेळाडू

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास जुना. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. आरंभी गोऱ्या पलटणींचे संघ तीत खेळत. स्वातंत्र्यानंतर मुंबईत निराळीच रीत रुजली. गिरण्या, तेल कंपन्या, रेल्वे, बँका आणि मोठे कारखाने ह्यांनी आपापले संघ बाळगले. खेळाडू हा त्या कचेरीचा नोकर असे. सकाळी हजेरीपटावर सही करावयाची, सरावाच्या वेळी सवलत घ्यावयाची आणि संध्याकाळी कूपरेजच्या मैदानावर उतरावयाचे, असा त्याचा दिनक्रम.

ह्या रीतीतून मोठे खेळाडू निघाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले आणि पुढे चौथा क्रमांक मिळविला. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेला. टाटांच्या संघातून तो खेळला. १९६२ साली जाकार्ता येथे भारताने आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. त्या संघातला फोर्च्युनातो फ्रँको हाही गोव्याच्या मातीतला आणि टाटांच्या संघातला. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ लवकर संपला. पण टाटांची नोकरी संपली नाही. उतारवयात तो गोव्यात स्थायिक झाला आणि २०२१ साली तेथेच वारला.

ह्या व्यवस्थेत पैसा थोडा होता आणि खेळ अर्धवेळचा होता. परंतु एका गोष्टीची निश्चिती होती : गुडघा गेला तरी खुर्ची जात नसे. वारासिवनीच्या गृहस्थांना मनातून जी हमी हवी आहे, ती हीच. आपल्याकडे भरवेलीच्या मँगनीज खाणी अथवा मलाजखंडचा तांब्याचा प्रकल्प पाहिला, म्हणजे अशा नोकरीचे मोल त्यांना का वाटावे, हे समजण्यास कठीण नाही.

क्लब उभा राहिला, क्लब मिटला

जीपगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली अशाच कचेरी-संघांपैकी एक म्हणून निघाला. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि काळ बदलला. देशभर फिरून महिनोन्‌महिने खेळावयाचे, तर हजेरीपटावरचा खेळाडू पुरेनासा झाला. करारावर खेळाडू घेणे आले, परदेशी खेळाडू आले, प्रशिक्षक आले. २००० साली संघाने महिंद्र युनायटेड हे नाव घेतले. १९९८, २००१ आणि २००८ साली त्याने ड्युरँड चषक जिंकला. २००३ व २००५ साली फेडरेशन चषक आणला. ह्या साऱ्यांवर कळस चढला तो २००५-०६ च्या हंगामात. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना महिंद्रने राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाला ते विजेतेपद कधी लाभले नाही.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० साली, चालू हंगाम संपताच संघ बंद करण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. पुढे शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देण्याचा मनोदय तिने व्यक्त केला. त्या निर्णयाची बरीवाईट चर्चा येथे करण्याचे कारण नाही. खेळाडूंच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की, ज्या नावाचा सदरा अंगावर होता, ते नावच राहिले नाही. कचेरी-संघातल्या खेळाडूला मागे कचेरी असे. करारावरच्या खेळाडूला मागे काहीच नव्हते.

हा प्रकार एका महिंद्रपुरताच नाही. केरळचा एफ. सी. कोचीन मिटला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबचा जे. सी. टी. २०११ साली बंद पडला. गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो ह्या नामवंत क्लबांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या आय-लीगमधून अंग काढून घेतले. पुणे एफ. सी. ची कहाणी निराळी नाही. २०२५ साली तर इंडियन सुपर लीगच्या हक्कांचा करार संपत आल्यामुळे सबंध हंगामच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. तेव्हा क्लब हा देवळासारखा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहील, असे धरून कोणत्याही आईबापांनी मुलाला खेळाच्या स्वाधीन करू नये, हे आम्ही प्रथमच स्पष्ट लिहून ठेवतो.

पांगलेली मंडळी

आता त्या खेळाडूंकडे वळू.

काहींचे पाय अजून तरणे होते. त्यांनी दुसरे क्लब गाठले. केरळचा महंमद रफी हा महिंद्रच्या अखेरच्या हंगामात गोल करणाऱ्या भारतीयांत आघाडीवर होता. क्लब मिटल्यावर तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेला, पुढे सुपर लीगमध्ये खेळला आणि २०१६ च्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्ससाठी त्याने डोक्याने गोल केला. महिंद्र बंद पडल्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती. केरळचाच एन. पी. प्रदीप वाचकांस कदाचित आठवत असेल. २००७ च्या नेहरू चषकात अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध भारताचा एकमेव आणि विजयी गोल त्याचा होता. त्यालाही पुढे कोलकात्याचा आणि मग पुन्हा मुंबईचा क्लब शोधावा लागला. क्लब बदलला, तरी खेळ चालू राहिला. परंतु ही सोय काही वर्षांचीच असते. पस्तिशी उलटली की पायच नाही म्हणतात.

दुसरी वाट शिकविण्याची. ब्राझीलहून आलेला होजे रामिरेझ बरेटो कोलकात्याच्या मोहन बागानचा लाडका; पण महिंद्रच्या २००५-०६ च्या विजेत्या संघात तोही होता. निवृत्तीनंतर तो मायदेशी परतून स्वस्थ बसला नाही. नवी मुंबईतल्या एका निवासी अकादमीत त्याने मुलांना फुटबॉलचे धडे दिले. ज्या देशात तो पोटासाठी आला, त्याच देशातली मुले शिकविणे हा त्याचा दुसरा जन्म झाला.

मुंबईचा स्टीव्हन डायस हा महिंद्रचा उजव्या बगलेवरचा खेळाडू. त्याने मारलेल्या कॉर्नरवर आणि फ्री-किकवर भारताने कितीतरी गोल केले. २००७ आणि २००९ चे नेहरू चषक जिंकणाऱ्या संघात तो होता. २०११ च्या दोहा येथील आशियाई चषकालाही गेला होता. खेळ आटोपल्यावर त्याने प्रशिक्षणाची वाट धरली आणि ओडिशा व जमशेदपूर ह्या क्लबांत प्रथम सहायक म्हणून काम पाहिले. प्रसंगी मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली, तेव्हा तात्पुरती धुराही त्याच्याकडे आली. सहायकाचे काम बाहेरून दिसत नाही. शंकू मांडावयाचे, चेंडू मोजावयाचे, दुखावलेल्या खेळाडूची चौकशी करावयाची. एके काळी ज्याच्या नावाने प्रेक्षक ओरडत, त्याने ही कामे निमूटपणे करावीत, ह्यात कमीपणा नाही, मोठेपणाच आहे.

गोव्याचा महेश गवळी हा आपल्या पिढीतला नाणावलेला बचावपटू. ईस्ट बंगाल, महिंद्र, धेंपो असा त्याचा प्रवास झाला. पुढे तो वयोगटांतल्या राष्ट्रीय संघांचा प्रशिक्षक आणि मग वरिष्ठ संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. २०२३ च्या जुलै महिन्यात बंगळूर येथे दक्षिण आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि कुवेत ह्यांच्यात झाला. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच ह्यांना शिस्तभंगासाठी मैदानालगत उभे राहण्यास मनाई झाली होती. त्यामुळे भारताच्या बाजूने रेषेवर उभा होता तो गवळी. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर भारताने चषक जिंकला. त्या रात्रीच्या छायाचित्रांत त्याला शोधावे लागते. पण तो तेथे होता.

तिसरी वाट कारभाराची. कानपूरचा अभिषेक यादव हा उंचापुरा आघाडीचा खेळाडू. २००२ साली व्हिएतनाममध्ये एल. जी. चषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्याच गोलने भारत जिंकला होता. महिंद्र आणि नंतर मुंबई एफ. सी. ह्या दोन्ही संघांकडून तो खेळला. निवृत्तीनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच्याकडे होतकरू मुले शोधण्याचे काम सोपविले. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्यासाठी खेडोपाडी आणि परदेशातल्या भारतीय कुटुंबांतही मुलांचा शोध घेतला गेला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढे राष्ट्रीय संघांचा कारभार त्याच्याकडे आला आणि तो महासंघाचा उपमहासचिवही झाला. गोल करणाऱ्याने गोल करणारे शोधावेत, हे उचितच म्हणावयाचे.

खालिद जमील

ह्या साऱ्यांत अधिक थांबून पाहावा असा एक माणूस आहे. त्याचे नाव खालिद जमील. जन्म १९७७ चा, कुवेतमधला, कुटुंब पंजाबी, आणि कर्मभूमी मुंबई. मध्यफळीत खेळणारा, भारताच्या संघातून खेळलेला. त्याने पहिला मोठा सदरा घातला तो महिंद्रचा. मध्यंतरी एअर इंडियाच्या संघात जाऊन तो पुन्हा महिंद्रमध्ये आला. पण शरीराने साथ दिली नाही. दुखापतींनी त्याचे ऐन उमेदीचे हंगाम खाल्ले. २००७ साली मुंबई एफ. सी. हा नवा क्लब निघाला, तेव्हा तो तेथे गेला खरा. पण खेळाडू म्हणून त्याच्याकडून फारसे काही होऊ शकले नाही. २००९ मध्ये तो निवृत्त झाला. वय बत्तीस.

वारासिवनीच्या गृहस्थांना ज्या वयाची भीती वाटते, त्याच्याही तीन वर्षे आधी हा माणूस मैदानावरून उतरला होता.

त्याच वर्षी त्याच क्लबाने त्याला मुख्य प्रशिक्षक केले. पुढची सात वर्षे तो तेथे राहिला. मुंबई एफ. सी. हा काही श्रीमंत क्लब नव्हता. महागडे खेळाडू घेणे त्याला परवडत नसे. दरवर्षी लीगमधून खाली घसरण्याचे भय असे आणि दरवर्षी खालिद संघाला कसाबसा वर ठेवी. त्याच्या संघाचा खेळ सुंदर नसतो, बचावाचाच असतो, अशी टीका होई. पण ज्याच्या घरात जेवढे धान्य, तेवढ्यावरच त्याने पंगत उठवावयाची असते, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको.

२०१६ साली ते काम सुटले. मग त्याला बोलावले कोणी? तर मिझोरमच्या ऐझॉल एफ. सी. ने. हा क्लब नुकताच लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि त्यांतली एक ऐझॉलला परत मिळाली. म्हणजे एकीकडे क्लब मिटले, म्हणून दुसरीकडे एकाला दार उघडले. खालिद डोंगरातल्या त्या गावी गेला. त्याने बरोबर नेले ते मुंबईतले जुने सहकारी. त्यांत जयेश राणे हा मुंबईचा मराठी मुलगा होता, आशुतोष मेहता होता. कोलकात्याच्या आणि बंगळूरच्या धनाढ्य क्लबांपुढे ह्या मंडळींचा टिकाव लागेल, असे कोणास वाटले नव्हते. हंगामाच्या अखेरीस त्यांनी मोहन बागानला १-० असे हरविले, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे बरोबरी साधून ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला. ईशान्येकडील क्लबाने देशाचे विजेतेपद मिळविण्याची ती पहिलीच वेळ.

दैवाची गंमत अशी की, त्याच हंगामात मुंबई एफ. सी. तळाला जाऊन लीगबाहेर पडला आणि पुढे बंदच झाला. ज्या क्लबाने ह्या मंडळींना सोडले, तो संपला. सोडलेली मंडळी विजेती झाली. हे लिहिताना आम्हांला कोणाला हिणवावयाचे नाही. क्लबाचे भाग्य आणि खेळाडूचे भाग्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच ह्यावरून दिसते. जयेश राणे पुढे सुपर लीगच्या मोठ्या क्लबांतून खेळला आणि २०१९-२० चे विजेतेपद पटकावणाऱ्या कोलकात्याच्या संघात होता.

खालिदची वाट मात्र त्यानंतरही सरळ नव्हती. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान ह्या दोन्ही दिग्गजांकडे त्याने काम केले. दोन्हीकडे फार दिवस टिकला नाही. मग गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून गेला. २०२०-२१ च्या हंगामाच्या मध्यावर परदेशी मुख्य प्रशिक्षकाला काढण्यात आले आणि संघ तात्पुरता त्याच्या हाती आला. त्याने तो उपांत्य फेरीपर्यंत नेला. सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची आजवर परदेशीयांचीच मानली जाई. पुढच्या हंगामासाठी ती त्याला कायमची देण्यात आली. त्यानंतर जमशेदपूरच्या संघालाही त्याने २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरी गाठून दिली.

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमीलची भारताच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेरा वर्षांनंतर ही जागा एका भारतीयाकडे आली होती. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळविला, तेव्हा कौतुक झाले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करावी लागली आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले, तेव्हा टीकाही झाली. दोन्ही त्याच्या वाट्याला आयुष्यभर येत आली आहेत.

आम्हांला त्याच्या चरित्रात एक गोष्ट विशेष वाटली. दुखापतीने खाटेवर असलेला खेळाडू बहुधा खेळाकडे पाठ फिरवितो. ह्याने बाकावर बसल्या बसल्या खेळ वाचावयास शिकला, आणि रीतसर परीक्षा देत देत प्रशिक्षकाचे सर्वोच्च परवानेही मिळविले. बत्तीसाव्या वर्षी हाती काम आले, ते त्यामुळे.

एकदाच खेळावयाचा खेळ

परंतु ही सारी नावे देशपातळीवरची. ती वाचून वारासिवनीच्या बाईंनी म्हणावे, "एवढे मोठे आमच्या मुलाला कोठले व्हावयाचे?" म्हणून आता आपल्या शेजारच्या नागपूरला जाऊ. गोंदियामार्गे रेल्वेने गेले, तर बालाघाटकराला नागपूर म्हणजे दुसरे माहेरच.

तेथील हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ साली पावसात आडोशाला उभे असता त्यांनी वस्तीतली काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना पाहिली. त्यांनी त्यांना चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल ही चळवळ उभी राहिली. आज ती स्लम सॉकर ह्या नावाने देशाबाहेरही ओळखली जाते. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाने तिला विविधतेचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे ह्यांचा २०२२ सालचा 'झुंड' हा चित्रपट बारसे ह्यांच्याच कार्यावर बेतलेला.

ह्या संस्थेची मुले ज्या मोठ्या स्पर्धेला जातात, ती बेघरांच्या विश्वचषकाची. २००३ साली ऑस्ट्रियात ग्राझ येथे ही स्पर्धा सुरू झाली. लहान मैदान, एका बाजूला चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव. तिचा एक नियम विलक्षण आहे : कोणताही खेळाडू आयुष्यात एकदाच तीत खेळू शकतो. आठवडाभर देशाचा सदरा अंगावर, आणि परतीच्या विमानात बसला की तो माजी खेळाडू! नियम करणाऱ्यांचा हेतू उघड आहे. ही स्पर्धा त्यांना खेळाडूचे ध्येय करावयाची नव्हती. घरी परतून नवे आयुष्य मांडण्यास लागणारा धक्का म्हणून ती हवी होती.

त्या परतीनंतर काय होते, ह्याचे उदाहरण अखिलेश पॉल. नागपूरच्या वस्तीतला हा तरुण २०१० साली रिओ येथे भारतीय संघाचा कर्णधार होता. आपण लहानपणी वाईट मार्गाला लागलो होतो आणि फुटबॉलने आपल्याला परत फिरविले, हे त्याने २०१४ साली 'सत्यमेव जयते' ह्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात देशासमोर स्वतः सांगितले. रिओहून परतल्यावर तो त्याच संस्थेत प्रशिक्षक झाला आणि वस्तीतल्या मुलांना शिकवू लागला. त्याच्या कपाटात लीगचे विजेतेपद नाही. पण आपण ज्या वाटेने गेलो, त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहून मागून येणाऱ्या मुलाला "इकडे नको, तिकडे चल" असे सांगण्याचा अधिकार त्याला मिळाला. हा अधिकार विकत मिळत नाही.

बाईंना आमचे उत्तर

एवढी चौकशी करून झाल्यावर वारासिवनीस आम्ही जे उत्तर लिहिले, त्याचा सारांश इतर वाचकांच्याही उपयोगी पडावा म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट : आपल्या यजमानांचा प्रश्न योग्य आहे. तो मुलासमोर मांडावा. त्याला दरडावण्यासाठी नव्हे, तर त्यानेही तो स्वतःशी विचारावा म्हणून. पस्तिशीनंतर काय, हे पंधराव्या वर्षी ज्याच्या कानांवर पडते, तो पंचविशीत सावध असतो.

दुसरी गोष्ट : बारावी आणि त्यापुढची एखादी पदवी ह्यांवर पाणी सोडू देऊ नये. रेल्वे, पोलीस, सैन्यदले आणि सरकारी कंपन्या ह्यांत खेळाडूंसाठी जागा निघतात. पण अर्जावर शिक्षणाचा रकाना असतोच. कचेरी-संघांचा जुना काळ सरला असला, तरी त्याचा हा धागा अद्याप तुटलेला नाही.

तिसरी गोष्ट : खेळता खेळताच शिकविण्याचे शिकावे. आज प्रशिक्षकांसाठी आशियाई महासंघाचे परवाने आहेत. 'डी'पासून 'ए'पर्यंत आणि त्याहून वर व्यावसायिक परवाना, अशी ती शिडी. पंचांच्याही परीक्षा आहेत. ज्यांनी निवृत्तीची वाट न पाहता ह्या शिडीच्या पायऱ्या चढावयास आरंभ केला, त्यांना क्लब मिटल्याचा आघात सोसला. ज्यांनी फक्त पायांवर विसंबून दिवस काढले, त्यांची नावे वरच्या मजकुरात आली नाहीत. अशांची संख्या अर्थातच मोठी आहे, हे आपणही ध्यानात ठेवावे. एका संघात खालिद जमील एकच निघतो.

चौथी गोष्ट : कराराचा कागद आला, तर तो घरातल्या जाणत्याने अथवा वकिलाने वाचल्याखेरीज सही करू देऊ नये. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोणाकडे, आणि क्लब मिटल्यास उरलेल्या पगाराचे काय, ही दोन कलमे आधी पाहावीत.

आणि शेवटची : एवढे सगळे करूनही मुलगा मोठा खेळाडू होईल, ह्याची हमी कोणी देऊ शकणार नाही. मात्र खेळातून जो माणूस घडतो, तो वाया जात नाही, हे अखिलेशसारख्यांकडे पाहून म्हणता येते.

दिवाळीच्या सुमारास बाईंचे दुसरे पत्र आले. मुलगा ह्या वर्षी घरीच राहून दहावीची परीक्षा देणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला शिबिराला जाणार आहे. पुढचे पुढे ठरेल. "ह्यांनी आपले उत्तर दोनदा वाचले," असे त्यांनी लिहिले होते, "आणि काही न बोलता मुलासाठी नवे बूट आणले."

वाचकहो, आता एक विनंती. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर, आणि त्याही पलीकडे जेथे जेथे आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, तेथे तेथे एखादा जुना खेळाडू असेलच. आज तो कोठे दुकानात बसत असेल, कोठे शाळेत शिपाई असेल, कोठे निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभा असेल. त्याला एकदा आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात अथवा शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलवावे. हार-नारळ जरूर द्यावा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुलांसमोर त्याला खुर्ची द्यावी आणि विचारावे : "मैदानावरून उतरल्यावर आपण काय केले?" पंधरा वर्षांच्या मुलाला त्या उत्तराची गरज आहे. आणि आमची अशी समजूत आहे की, हा प्रश्न कोणीतरी विचारावा, ह्याची त्या खेळाडूलाही फार दिवसांची वाट असते.